पाकिटावरची मावशी

४ मार्च, सोमवार
पोचले एकदाची रत्नागिरीला. मिरकरवाड्याजवळ खोली मिळाली, सुकटीचा वास भाड्यातच धरलेला. मंडणगडच्या मुलीला मार्केटिंगची नोकरी, म्हणून आईने आळीभर पेढे वाटले. काम मजेचं आहे. काजू कारखान्यातल्या बायांचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर साफ करायचे आणि नव्या पाकिटावर टाकायचे. मालक समर्थ सरांनी माझाही फोटो काढला, कंपनीच्या पेजसाठी. हसलीस की दात पुढे येतात, म्हणाले. आजीचे दात आहेत, आमच्या घरात सगळ्यांना आवडतात.

७ मार्च
तुळसामावशी पंचवीस वर्षं काजू फोडतात. राख लावली तरी चिकाने हात काळे पडलेत, बोटांना भेगा. मला तेच हात पाकिटावर हवे होते. सर म्हणाले, गिऱ्हाइकाला मावशी हवी, तिचे हात नकोत. मग गिऱ्हाइकाने स्वतः काजू फोडून बघावेत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी चार दिवसांची, तोंड आवरलं. दुपारभर बसून डाग पुसले, भेगा पुसल्या, अंगठ्यावरच्या रेघासुद्धा.

८ मार्च
महिला दिनाची पोस्ट गेली. कष्टाच्या हातांना सलाम, आणि खाली मी पुसलेले हात. चीड आली स्वतःचीच.
हजेरीच्या मशीनने तुळसामावशींचा अंगठा घेतला नाही. मी हात धरून पाहिला. गोरा, गुळगुळीत, रेघ म्हणून नाही. त्या एवढंच म्हणाल्या, बाय, ह्ये हात माजे न्हायत. सुपरवायझरने त्यांना घरी पाठवलं.

११ मार्च
मी पडद्यावर पुसलं ते तुळसामावशींच्या अंगावरूनही पुसलं गेलं. मूळ फोटो परत टाकू म्हटलं, तर सरांनी तो केव्हाच डिलीट केलेला. वर हुकूम, आता चेहराही साफ कर. मी नाही म्हणाले. सरांनी स्वतःच एक बटण दाबलं. सुरकुत्या गेल्या, तीळ गेला, ओठांवर हसू आलं. बघ, किती सोपं, म्हणाले.

१२ मार्च
तुळसामावशींना सुनेने दारातून हाकललं, कोण तुम्ही म्हणून. गेटवर उभ्या होत्या. पाकिटावरचाच चेहरा. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ओठ हसतायत. मिटता मिटत नाहीत.
केबिनमध्ये जाऊन भांडले. पोस्ट काढा म्हटलं, पाकीट थांबवा म्हटलं. भिंतीशी बोलावं तसं. सर म्हणाले, बायका उगाच चिडतात, विक्री दुप्पट झालीय. आणि तुझाही फोटो आज टाकतो, दात पुसून तोंड मिटवलंय, हातही साफ केलेत, गोड दिसतेस.
धावत टेबलाशी गेले. माझ्या फोटोची पोस्ट पेजवर पडली होती.

१३ मार्च, सकाळ
फोन अंगठ्याने उघडत नाही.
जीभ फिरवली. आजीचे दात — नाहीत.
आरशात फार सुंदर दिसतेय. ओठ मिटलेले. उघडायला गेले तर मधली फटच — नखाने शोधतेय — सपाट —
ओरडायचंय. पोलिसांत जायचंय. सांगायचं कशाने —

दहा वाजता
आईचा फोन. तिसऱ्यांदा. उचलला. ती विचारतेय, जेवलीस काय गो, गप का, बोल ना बाय, आणि मी