फिर्यादीतला खोडलेला शब्द

१२ जानेवारी
निवेदनावर आज एकतीस सह्या. मागणी एकच : बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्यास कमाल शिक्षा पाच नव्हे, दहा वर्षे. मसुदा चारदा लिहिला. प्रकाशरावांचे नाव कुठेही घातले नाही; धाकट्या बहिणीचा नवरा अपघातात गेला म्हणून कायदा मागतो आहे असे दिसू नये.
दिसतेच.

१५ जाने.
शेजारच्या क्वार्टरमधले मेश्राम पेन हातात घेऊन थांबले. "वासनिकजी, कागदावर दहा वर्षं मागून राहिले, अन् ठाण्यात तुमीच त्या गाडीवाल्याले हात दिला."
मग सही केली त्यांनी. तीही चौकटीबाहेर.

१६ जाने.
काय घडले ते एकदा नीट लिहून ठेवतो. सेक्टर ६ च्या बाजारातून प्रकाशराव व मी सायकलींनी परतत होतो. मी पुढे. आवाज झाला, वळलो. ते रस्त्यावर पडलेले, पांढरी गाडी चुकीच्या बाजूला, चालकाच्या हातात फोन. एवढेच पाहिले. फिर्याद मी दिली. हवालदाराने तीत ‘तेज रफ्तार’ लिहिले. मी ते खोडायला लावले, कारण वेग मी पाहिला नव्हता.
"सबमें यही लिखते हैं, साहब."
कारखान्याच्या भांडारात एकोणतीस वर्षे झाली. न पाहिलेल्या मालाच्या पावतीवर कधी सही केली नाही. त्या दिवशीही, प्रकाशरावांचे रक्त बाहीवर असताना...

२ फेब्रुवारी
दुर्गच्या न्यायालयात सरकारी वकिलांची भेट. दुसरा साक्षीदार नाही. बचाव पक्ष म्हणणार, गाडी हळू वळत होती, फोन मदतीसाठी नंतर काढला. ‘वेग सांगायचा राहून गेला होता’, एवढे मी म्हणावे अशी त्यांची अपेक्षा. निवेदनाची प्रत दाखवली. न वाचता परत दिली. "पहले सजा तो हो, फिर साल गिनिएगा."

४ फेब्रु.
उतईला बहिणीकडे, शोभाकडे. प्रकाशरावांची सायकल अंगणात, पुढचे चाक तसेच वाकडे.
"दादा, तू कावून खोडलं? तुले कोनी इचारलं होतं?"
म्हटले, मी पाहिले नव्हते गं.
"मंग आता पाह्य."
चहा अर्धा टाकून उठलो. फाटकापर्यंत आली नाही.

८ फेब्रु.
उद्या साक्ष. सह्या दोनशे सात. निवेदन कलेक्टर कचेरीत आज द्यायचे ठरले होते, दिले नाही. खरे बोललो तर तो सुटणार आणि मी दहा वर्षे मागणारा विदूषक. खोटे बोललो तर...
न्यायालयात हिंदीत बोलावे लागेल. संध्याकाळी दार लावून आरशासमोर म्हणून पाहिले : "गाड़ी बहुत तेज थी." तीनदा.
एकदाही अडखळलो नाही.