पडण्याआधीची माती

वस्ताद, आज सकाळपासून मैदानावर धुकं उतरलंय आणि अजून उठायचं नाव घेत नाही. शेडच्या खिडकीतून पलीकडचा गोलपोस्ट दिसत नाही, अलीकडचा तेवढा अर्धा दिसतो, आणि तो पाण्यात उभा असल्यासारखा वाटतो. चुन्याच्या रेघा मारायचं यंत्र धुऊन कोपऱ्यात ठेवलंय, किटलीत पाणी तापतंय. अशा धुक्यात काम होत नाही, मग माणूस उगीच कुठंतरी जाऊन येतो. मी तुमच्या तालमीत जाऊन आलो. दारातून आत वाकलो, नाकात तो वास गेला, लाल माती, तेल, ताक, हळद, आणि तुम्ही कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला पाय सोडून बसलेले. म्हटलं, आता गेलोच आहे तर सांगून टाकावं.

कोल्हापूर सोडून मला एक जन्म लोटला. बर्मिंगहॅममध्ये आधी फाउंड्रीत ओतकामाचे साचे केले, ती बंद पडल्यावर या कॉलेजात मैदानाची राखण धरली. गवत कसं वाढवायचं, कधी कापायचं, कधी त्याच्या वाटेला जायचं नाही, हे लायब्ररीतली पुस्तकं चाळून आणि स्वतःच्या चुका मोजून शिकलो. शाळा माझी सातवीलाच सुटली होती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. इथली पोरं सोळा ते एकोणीस वयाची, फुटबॉलवर जीव टाकणारी. आणि वस्ताद, हसाल तुम्ही, इथं एका टीमला एक कोच पुरत नाही. बचावफळीचा वेगळा, पुढच्या फळीचा वेगळा, गोलकीपरांचा त्याहून वेगळा. तुम्ही एकट्यानं तालमीच्या फुटबॉल टीमच्या अकरा जणांना घडवायचात, वर कुस्तीची पोरं होतीच, आणि मधल्या वेळात म्हशीही बघायचात.

तर फेब्रुवारीत आमच्याकडे गोलकीपरांच्या कोचची जागा निघाली. इंटरव्ह्यूच्या पॅनलवर शिकवणाऱ्यांखेरीज एक कामगार माणूस घ्यायचा असा आमच्या कॉलेजचा नियम आहे. खेळविभागाच्या बाईंनी मला बोलावलं. त्या, हेड कोच आणि मी, असे तिघं. हेड कोच जमेकन आईबापांचा, पण इथंच वाढलेला, मला "अंकल" म्हणतो आणि माझ्या डब्यातली भाकरी हक्कानं मोडून नेतो. शेवटच्या फेरीला दोघं राहिले होते. एक गृहस्थ पन्नाशीचे, पंचवीस वर्षं गोलकीपर घडवलेले, बारा गावचं पाणी प्यालेले, बोलायला गोड. दुसरी बावीस वर्षांची मुलगी. युनिव्हर्सिटीच्या टीमची गोलकीपर, आणि शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर दोन उन्हाळे लहान मुलींचा कॅम्प. आईबाप नागपूरचे. व्हरांड्यात मला बघितलं आणि म्हणाली, "काका, नमस्कार. तुम्ही मराठी आहे ना? आईने सांगितलं, तुमच्या कॉलेजला एक मराठी काका आहे."

तिथंच मी सावध झालो. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आपली माणसं आपल्याच माणसाला कमी मोजतात. ही आपली जुनी खोड, वस्ताद, सात समुद्र ओलांडूनही ती पुसली गेली नाही. मी मान हलवली, पण नमस्काराला हात काही वर गेले नाहीत. आणि मार्कांच्या कागदावर "अनुभव" असा रकाना होता, त्यात मैदानावर पाऊल ठेवायच्या आधीच गृहस्थांना पाचातले पाच दिले, पोरीला एक.

असाच रकाना तुमच्या पंचांच्या डोक्यातही होता. मी एकोणीस वर्षांचा, तालमीच्या ओट्यावर पंच पान खात बसलेले, आणि तुम्ही सांगता की आजपासून गोलीची, गोलकीपिंगची पोरं याच्याकडे. "वस्ताद, ह्याला अजून मिसरूड फुटलं न्हाई. ह्याला अनुभव काय?" "आणि तुम्ही काय अनुभव आईच्या पोटातनं घिऊन आलायसा?" सगळा ओटा हसतो. मी खांबामागे उभा आहे, कान गरम झालेत. मग तुम्ही मला दूध कट्ट्यावर नेता, समोर धार काढलेल्या दुधाचा पेला हातात देता, खिशातून शिट्टी काढून माझ्या गळ्यात घालता. "मर्दा, झेप सगळेच घेत्यात. गोली वळखायचा तो पडण्यावरनं. पोरांना हौद्यात पाडायचं, आणि पाडायच्या आधी माती आपल्या हातानं उकरायची. जो शिकवतो त्यानं उकरायची. ह्यात सवलत न्हाई." ते दूध अजून जिभेवर आहे. फेसाच्या पांढऱ्या मिशीसकट मी घरी गेलो, आणि आई म्हणाली, आली गं बाई एकदाची मिशी!

चाचणीच्या दिवशी मैदान गोठून दगड झालं होतं. प्रत्येकाला वीस मिनिटं, आणि शिकवायला आमच्या दुसऱ्या टीमचा गोली. पोरगा ताडमाड, हात सुपाएवढे, पण गेल्या मोसमात खांदा निखळल्यापासून डाव्या बाजूला पडायला भ्यायचा. गृहस्थांनी उभ्या उभ्या झेल घेतले, पावलं नीट केली, पोरगा खूश, बाई खूश, हेड कोच तर टाळ्या वाजवत होता. चांगलं काम होतं, खोटं कशाला बोलू. मग पोरगी आली. ती पोराशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलली आणि त्याला घेऊन थेट लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्याकडे निघाली. खड्ड्याशी गुडघ्यावर बसली, हातमोजा काढला आणि वाळूवर तळवा दाबला. वाळू दबली नाही. वर पापडासारखा कडक थर, खाली थिजलेला गोळा. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "काका, वाळू खूप कडक आहे. फोर्क मिळेल? मी खणतो."

मी खणतो! आमच्या कोल्हापुरात बायकाही असंच बोलतात, माझी बहीण मरेपर्यंत "मी येतो, मी जातो" म्हणायची. नागपुरी घरात, इथल्या इंग्रजी शाळेत वाढलेल्या या पोरीचं ते चुकून झालं असणार. पण मला क्षणभर कळेना मी कुठं उभा आहे. बहीणच हाक मारतेय असं वाटलं. मी शेडमधून माती उकरायचा लांब दांड्याचा फोर्क आणला. म्हटलं, "मी करतो, तू शिकव." "नको ना काका, माझं टाइम आहे, मीच करतो. तो पडणार, तर मला माहीत पाहिजे खाली काय आहे." आणि विसातली दहा मिनिटं तिनं खणण्यात घालवली. वाफ निघत होती तिच्या तोंडातून. पोरगा आधी बावळटासारखा बघत राहिला, मग तोही बुटानं ढेकळं फोडू लागला. उरलेल्या वेळात तो फक्त चार वेळा पडला. पहिल्यांदा बसल्यासारखा, दुसऱ्यांदा वाळवी लागलेल्या दरवाजासारखा. चौथ्यांदा डावीकडे, लांब, मोकळा. आणि वाळूत लोळत असतानाच हसला. त्या पोराला हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

आत हीटरजवळ बसून आम्ही तिघं बोलायला लागलो. बाई म्हणाल्या, "मुलगी गोड आहे, पण अर्धा वेळ बागकाम केलं तिनं." हेड कोच म्हणाला, "बावीस वर्षांची आहे. ही पोरं तिला कच्ची खातील. आणि कडक वाळूचं काय घेऊन बसलात? मैदान बरं नाही म्हणणारे कोच मी खूप पाहिलेत." आपल्याकडे म्हणतात ते, नाचता येईना अंगण वाकडं. अगदी तेच तो त्याच्या भाषेत म्हणत होता. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. "अंकल, तुमचं काय?"

माझ्या हातात कागद, त्यावर तो एक मार्क. काही न बोलता कागद पुढं सरकवला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि मी निःपक्षपाती ठरलो असतो. पण अंगण खरंच वाकडं होतं, वस्ताद, आणि ते मी ठेवलं होतं. खड्डा पंधरवड्याला एकदा उकरायचा, ते माझं काम. उड्यांचा मोसम एप्रिलात, आता कोण बघतं, म्हणून ऑक्टोबरपासून मी त्याला हात लावला नव्हता. फाउंड्रीत वीस वर्षं वाळू मुठीत दाबून तिचा कस सांगणारा मी माणूस! मी म्हणालो, "तिनं वेळ नाही घालवला. तिनं माझं काम केलं. चार महिन्यांत मी तो खड्डा उकरलेला नाही. त्या थरावर पोरगा डाव्या खांद्यावर पडला असता तर आज आपण इथं नाही, हॉस्पिटलात बसलो असतो." बाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही बाहेरच का नाही सांगितलंत?" म्हटलं, "आता सांगतोय." हेड कोच खुर्चीत मागं रेलला. "खरं सांगा अंकल, ती तुमची पुतणी आहे का? तुम्हाला काका म्हणत होती." "आमच्यात मी सगळ्यांचाच काका असतो. तूही माझी भाकरी खातोस, तू कोण लागतोस?" तेव्हा कुठं तो हसला. मग मी म्हणालो, पंचवीस वर्षं मोठी गोष्ट आहे, मी ती खोटी म्हणत नाही, पण माती हातानं बघायची बुद्धी वर्षांनी येतेच असं नाही. काहींना ती बाविसाव्या वर्षी असते आणि काहींची साठीला सुटते. बाईंनी खिडकीतून त्या खड्ड्याकडे बघितलं आणि मार्कांचे कागद पुढं ओढले. जागा तिला मिळाली. रकान्यातला एक खोडून मी काय लिहिलं ते सांगत नाही.

आता ती आठवड्यातून तीनदा येते. शेडमध्ये डोकावून "काका, चहा?" म्हणते, माझा फोर्क घेऊन जाते आणि धुऊन परत आणते. पोरं तिला काही कच्ची खात नाहीत. तीच त्यांना पळवून पळवून पिठलं करते. परवा तिनं विचारलं, "काका, तुम्हाला कोणी शिकवलं?" मी तुमचं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. दुधाच्या पेल्यापर्यंत आलो, पुढं जाता येईना.

पुढं काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. शिट्टी मिळून महिना झाला नव्हता. आमचा मोठा गोली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, हौद्यात पडला आणि काडी मोडावी तसा आवाज झाला. मनगट गेलं. पुढं त्यानं सायकलचं दुकान घातलं, पाना डाव्या हातानं धरायचा. पंच तुमच्यावर चालून आले, "बघा, सांगत हुतो न्हवं?" आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोराला बोलायचं न्हाई. माती उकरायची आठवण मी केली न्हाई. चूक माझी." मला तुम्ही एकदाच विचारलंत, नजर न उचलता, "इसरलास व्हय रं?" मी हो म्हणून मान हलवली. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. शिट्टी परत मागितली नाहीत. मी इकडं यायला निघालो तोवर ती माझ्याच गळ्यात होती, आणि तुम्ही गेल्याचं पत्र फाउंड्रीच्या पत्त्यावर आलं तेव्हा माझ्या खोलीतल्या खुंटीवर होती. आज या शेडच्या खुंटीवर आहे.

धुकं जरा विरळ झालंय, पलीकडचा गोलपोस्ट दिसायला लागलाय. पोरगी फोर्क घेऊन खड्ड्याकडे निघालीय, मागून तो ताडमाड पोरगा. हा कागद मी बियाण्यांच्या डब्यात ठेवणार आहे, बाकी तो जाणार कुठं. फक्त एवढं लिहितो. मी विसरलो नव्हतो, वस्ताद. त्या संध्याकाळी, तो गोली पडायच्या आधी, मी हौद्याशी वाकून माती तळव्यानं दाबून बघितली होती. कडक लागली होती. पण अंगात नवी पांढरी विजार होती, ओट्यावर पंच बसले होते, आणि शिट्टी गळ्यात घातलेल्या माणसानं खोरं हातात घेतलेलं मला त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.