बाबांची दाढी

सोलापूर, ८ मार्च १९३१

चि. सौ. पद्मजास,

एवढे दिवस माझे पत्र नाही, रागावू नकोस. तुझा पुनर्विवाह लावून दिल्यापासून जातवाल्यांनी आपल्या घरी न्हावी बंद केला आहे. कळवले तर तू स्वतःला दोष देशील, म्हणून पत्रे लिहितो आणि न पाठवता ठेवून देतो.

आठवडाभर स्वतःच्या गालावर शिकून आज अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या दाढीला वस्तरा लावला. गळ्यापाशी वस्तरा लागला, रक्त आले.

"नाक कापलंस, आता गळाही काप की!" बाबा म्हणाले.

मी वस्तरा खाली ठेवला.

"थांबलास का? पद्मी आली तर अशा अर्ध्या दाढीनं भेटू होय तिला?"

लग्नानंतर प्रथमच त्यांनी तुझे नाव घेतले. उरलेली दाढी मी श्वास रोखून केली.

तुझा दादा,
वेणीमाधव

उद्या बाबांना विचारणे: पद्मीला बोलावू का?