छकुलीचं पहिलं ‘नको’

धाड, जि. बुलढाणा
आठवडी बाजाराचा दिवस

चि. हर्षल, म्हणजे आमच्या खानदानातले एकमेव मेंदूवाले, यांस पंजाबराव मामाचे आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहेत, एक जण सोडून, तिच्याकडे येतोच. तुझी तब्येत कशी आहे? तुझी आई सांगत होती, तुझे केस फार गळतात. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यात डोकावल्यावर स्वतःच्या डोक्याकडे लक्ष कुठून राहणार? खोबरेल लावत जा. (हे मामीने लिहायला सांगितलं. खोबरेलाचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.)

तर, तुम्ही पुण्यात लहान मुलांच्या मेंदूची वाढ तपासता आणि त्यावरून कॉम्प्युटरमध्ये एक नकली पोर तयार करता, हे तू दिवाळीत मला समजावून सांगितलं होतंस. खरी पोरं जशी वागतात तसंच ते वागणार, असं काहीसं. मी मान डोलावली आणि शाळेत गुरुजींकडे शब्दही टाकला. मग तुमच्या सारिका मॅडम आल्या. पोरगी बोलायला गोड, पण फार घाईची. पोरांच्या डोक्यावर तारांची टोपी घालणार, ही बातमी आधीच गावभर झाली होती. शहरातली बाई आपल्या लेकराच्या डोक्याला हात लावणार म्हटल्यावर कोणती आई ते कोरडं पाठवेल? माझ्या नातीच्या, छकुलीच्या डोक्यावर (ती पहिलीत आहे, तुला आठवत नसेल म्हणून लिहितो) मामीने इतकं खोबरेल जिरवलं की टोपी कपाळावरून घसरून नाकावर आली. बाकीच्यांचंही तेच झालं. शेवटी मॅडमनी टोपी पिशवीत भरली आणि पेढ्याचा प्रयोग काढला.

हा प्रयोग असा, की पोरासमोर एक पेढा ठेवायचा, मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन देईन म्हणायचं आणि बाहेर जाऊन दाराच्या फटीतून पाहत बसायचं. (फटीतून पाहणाऱ्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, पण तुमच्यात त्याला शास्त्रज्ञ म्हणतात.) मॅडमनी आधी विचारलं, पेढा हवा का? छकुली म्हणाली, नको. झालं. मॅडमनी ताट उचललं, टॅबवर टिचकी मारली आणि पुढच्या पोराला बोलावलं. आता आपल्या घरचं वळण तुला मी सांगावं का? परक्याने खायला दिलं तर एकदा नको म्हणायचं, पुन्हा विचारलं तर मान खाली घालून नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आईकडे पाहून घ्यायचं. छकुली दुसऱ्या वेळेची तयारी म्हणून मान खाली घालून उभी होती. मान वर केली तेव्हा ताट गेलेलं होतं. ज्यांना घरी काही शिकवलं त्या सगळ्या पोरांचं असंच झालं. ज्यांनी ताटच ओढलं त्यांना निदान प्रयोगात बसवलं, आणि तुमच्या लेखी हुशार तेच ठरले.

त्याच दुपारी मॅडम आपल्याकडे जेवायला होत्या. रोडगे-वरण होतं. दुसऱ्या रोडग्याला त्या नको म्हणाल्या. मामी म्हणाली, "काऊन बाई, पसंत नाही आला का? एक तं घ्याच." मॅडम पुन्हा नको म्हणाल्या आणि मामीने रोडगा कुस्करून वर तूप ओतलं. बिचारी पाचव्यांदाही नको म्हणत होती, आणि ते खरं असेल अशी शंकासुद्धा मामीला शिवली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना शाळेपर्यंत चालवलं नाही. उरलेल्या पोरांची तपासणी त्यामुळे राहिली, आणि ती पोरं आज गावात शहाणी म्हणून हिंडत आहेत.

नंतर तू घरच्या ग्रुपवर अभिमानाने तो आलेख टाकलास. ग्रामीण बालकांना बक्षिसाची ओढ कमी! तुमचं नकली पोर आंबा नको म्हणतं, कुल्फी नको म्हणतं, जत्रेलाही नको म्हणतं. हर्षल, असं पोर अख्ख्या जिल्ह्यात दाखव, मी तुझ्या संस्थेत झाडू मारायला येतो. पण हसणं इथेच संपलं. छकुलीच्या नावापुढे ‘वाढ कमी’ असा तुमचा शेरा शाळेत आला आणि गुरुजींनी छकुलीला मागच्या बाकावर बसवलं. पुढच्या महिन्यात तिला बुलढाण्याला तपासायला नेणार म्हणतात. परवा तिने मला विचारलं, "आबा, मले डोकं कमी हाये का?" मला फार वाईट वाटलं, आणि तुझा फार राग आला. तेव्हापासून ती कुणी काहीही पुढे केलं की विचारण्याआधीच हो म्हणते. काल शेजारणीने दाखवलेलं कडू कारलंही हो म्हणून घेतलं आणि रडत रडत खाल्लं. मामी आत जाऊन डोळे पुसत होती. इतकी वर्षं घालून लावलेलं वळण तुम्ही एका टिचकीत मोडलंत.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार सांग. तुझ्या नकली पोराला मात्र काही सांगू नकोस, ते नको म्हणेल.

तुझा,
पंजाबराव मामा

ता. क. : हे सगळं लिहिण्याचं कारण एवढंच, की येत्या रविवारी तू स्वतः ये. गुरुजींनाही बोलावलं आहे. त्यांच्यासमोर छकुलीला पेढा विचार, नीट, आपल्या रीतीने, आणि तो शेरा तुझ्या हाताने खोड. तुला जमेल. लहानपणी मलकापूर स्टेशनवर तुझ्या बापाच्या साहेबांनी तुला भजी एकदाच विचारली होती. तू नको म्हणालास आणि भुसावळपर्यंत रडलास.

आणखी एक : चिखलीच्या स्थळाला तू मागे फोनवर नको म्हणाला होतास. ते आम्ही पहिलं धरलं. पाहुणे त्याच रविवारी येत आहेत. येणं जमणार नाही असं कळवलंस, तर ते दुसरं धरू. तिसऱ्यांदा आईकडे पाहायचं असतं, आणि तुझ्या आईचं कधीच ठरलेलं आहे.