तुमचं सॉरी

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मीही जन्मभर इंग्रजीच शिकवलं, पण ‘सॉरी’ शिकवायची वेळ आली की तुम्ही आठवायचात आणि तोंड कडू व्हायचं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी पुसदच्या शाळेत तुम्ही तो शब्द फळ्यावर लिहिलात. याचं मूळ ‘सोअर’मध्ये, म्हणजे दुखऱ्या जखमेत आहे, असं सांगितलंत. चुकलं तरी सॉरी म्हणतात, कुणाची कीव आली तरी म्हणतात, पण आत दुखल्याशिवाय म्हणू नये. केवढा तो आव! त्याच आठवड्यात तुमचं घड्याळ हरवलं. वर्गात चाळीस जण होते, पण दप्तर उलटं केलंत फक्त माझं. "तांड्यावरची आहे, दुसरं कोण घेणार?" दुसऱ्या दिवशी घड्याळ तुमच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं.

हेडमास्तरांनी धाडलं म्हणून तुम्ही तांड्यावर आलात. बाने खाट टाकली, याडीने, माझ्या आईने, तांब्याभर पाणी आणलं. "पोरीले चोर म्हनलं तुमी, मास्तर," बा म्हणाला. "पन आमच्यात घरचं पानी पेलं का भांडन मिटते. घ्या." सगळा तांडा बघत उभा आहे. तुम्ही तांब्याकडे बघता, धोतर सावरता, ‘सॉरी’ म्हणता आणि सायकलवर बसता.

"काय म्हनलं त्याइनं? पानी काहून नाही पेलं?" बा विचारत राहिला. "माफी मांगतली," मी म्हटलं. खोटं बोलले, तेही बापासाठी, तुमच्यासाठी नव्हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! शब्दाचं मूळ ठाऊक होतं तुम्हाला. एक घोट पाणी मात्र घशाखाली उतरेना. मला तुमची कीव नाही, किळसच येते.

तुमचं तेरावं उलटल्यावर मी तुमच्या घरी गेले होते. उन्हातून चालत. तुमच्या पत्नीने स्वतः पाणी आणून माझ्यापुढे धरलं. त्यांना ना घड्याळ ठाऊक, ना तांडा. मी पेल्याकडे पाहिलं, ‘सॉरी’ म्हटलं आणि उठले. त्या पेला धरून तशाच उभ्या राहिल्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लिहायला हवं होतं ते त्यांना, आणि आता त्याही नाहीत. मला तहान लागली होती, सर.