तुझ्या भजनावर मी टेप केलेली रेस

प्रिय मामा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. कधी गरजच पडली नाही रे! लहानपणापासून तुमच्याकडेच राहिले, हाक मारली की शेजारच्या खोलीतून तुझी ‘ओ’ यायची. आज लिहितेय, कारण काल मामीजवळ एक गोष्ट कबूल केली आणि ती खरं तर आधी तुला सांगायला हवी होती.

उद्या तुझं वर्षश्राद्ध. अमळनेरहून सगळे येणारेत. परवा मामी म्हणाली, “तेजू, ती पिवळ्या लेबलची कॅसेट शोध बरं माय. मंडळात त्यांनी म्हटलेलं भजन आहे त्यात. सगळे जमले की लावू.”

कॅसेट हरवलेलीच नव्हती, माझ्याच कपाटात होती. आणि तिच्यात भजन नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तिच्यावर गाड्यांची अख्खी रेस टेप केली होती!

पण त्यात चूक तुझीही आहे, सांगून ठेवते. मला रेसचं वेड कोणी लावलं? तू नरोलीच्या सुताच्या कारखान्यात फिटर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून तू आतलं दुखणं ओळखायचास. घरी आलास तरी कान चालूच. “आज मिक्सर काळी एकवरून पांढरी एकला उतरलाय, त्याचं काहीतरी अडकतंय.” मामी म्हणायची, “पेटी वाजवणाऱ्या माणसाशी लग्न केलं, आता मिक्सरपण सुरात पाहिजे!”

आठवतं, दादऱ्याच्या तलावावरून येताना तू आपली पांढरी गाडी मध्येच थांबवलीस? “मागचं डावं चाक बोलतंय.” मला तर काहीच ऐकू येईना. गॅरेजवाले भाई हसले, “अरे काका, कशुं नथी, काही पण नाही!” चाक उघडलं तर बेअरिंग काळं पडलेलं. मी तुझ्या कानांकडेच बघत बसले. वाटलं, याला अजून काय काय ऐकू येत असेल?

रविवारी रेस लागली की तू डोळे मिटून बसायचास. चित्र बघायचंच नाही! मी गिअर मोजायची आणि तू सूर सांगायचास. त्या वेळची इंजिनं कशी किंचाळायची ना? अंगावर काटा यायचा. तो आवाज मला शाळेत मैत्रिणींना ऐकवायचा होता. कोरी कॅसेट सापडेना, म्हणून समोर दिसली ती घातली.

नंतर लक्षात आलं ती कुठली होती. इतकी घाबरले की शाळेत नेलीच नाही. लपवली आणि कधीच लावून ऐकली नाही. तू रिटायर झालास, आजारी पडलास, तरी मी बोलले नाही. सॉरी मामा. रोज वाटायचं, उद्या सांगू.

काल शेवटी मामीला सांगितलं. तिने खुंटीवरची गाडीची चावी घेतली आणि म्हणाली, “चल, ऐकव काय केलंयस ते.” कॅसेट वाजवणारा टेप आता आपल्या त्या पांढऱ्या गाडीतच उरलाय.

आधी खरखर. मग एकदम इंजिनं! आणि त्यांच्या मागून तू.

“काळी तीन… काळी चार… बघ बघ, काळी पाचला टेकली!”

मामी सीटवर ताठ झाली. “अगं, हे तर हे आहेत!”

तुझाही आवाज टेप झाला असेल, हे मला सुचलंच नव्हतं रे! तू तर माझ्या शेजारीच बसला होतास. मग तुझा आवाज अगदी जवळून आला, “का गं माय, ही माझी भजनाची कॅसेट ना?” आणि मी, जराही न अडखळता, “नाही मामा, नवीन आहे.”

एक गाडी गेली. दुसरी गेली.

“बरं,” तू म्हणालास. “मग जरा जवळ धर. लांबून नीट येणार नाही.”

मामा! चाकाचं बेअरिंग ऐकणाऱ्या माणसाला माझं खोटं ऐकू आलं नसेल? पिवळं लेबल तर समोरच होतं. मग रागावला का नाहीस? इतकी वर्षं एकदाही विचारलं नाहीस! एवढं सगळं ऐकून गप्प कसं राहता येतं रे?

पुढे जाहिराती लागल्या. इंजिनं थांबली आणि तू त्यांचाच सूर धरून हळूच गुणगुणायला लागलास. मामीने ओळखलं. तेच भजन. अर्धीच ओळ, मग पुन्हा गाड्या.

“मेली खोटारडी,” म्हणत मामीने पाठीत धपाटा घातला. मग पदराने नाक पुसलं. “परत लाव. पहिल्यापासून.”

उद्या सगळ्यांसमोर हीच कॅसेट लावणार आहे. अमळनेरचे सगळे विचारतील, हा कसला गोंगाट? मी सांगेन, जरा जवळ येऊन ऐका. आणि प्रॉमिस मामा, माझं ते ‘नवीन आहे’ आलं की आवाज कमी करणार नाही.

तुझीच,
तेजू