प्रियाच्या फोनमधला भोंगा

९ जुलै २०१७
प्रिया फोन का उचलत नाही, ते आज कळलं. लग्न होऊन पेडण्याहून डिचोलीला गेली तेव्हापासून तिच्या फोनवर माझा कॉल आणि गॅस एजन्सीचा कॉल एकाच आवाजात वाजतो. पोरीने ओळखायचं कसं? माझ्यासाठी वेगळी रिंगटोन हवी. मीच बनवणार. ॲप घेतलंय.
सारखे फोन करणाऱ्यांतली मी नाही. उठली का, जेवली का, दुपारी जरा टेकली का, दिवा लावला का. बाकी काम असेल तरच.

१० जुलै
माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं, 'प्रिया, आई बोलतेय.' लावून बघितलं. ह्यांच्या हातातला पेपर खाली पडला. म्हणाले, कित्याक गो, आता मी काय केलं?
रद्द.

११ जुलै, सकाळी
सुचलं. पोदेराचा भोंगा.
लहानपणी दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल वळणावर पों पों करायची आणि ही अभ्यास टाकून, एकदा तर अंगाला साबण तसाच ठेवून, फाटकाकडे धावायची. पावाची कांकणं मनगटात घालून घरभर मिरवायची. तो आवाज ऐकून ती उठणार नाही असं होणारच नाही.

१२ जुलै
पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये कुत्रा आला. पोदेराला म्हटलं, परत वाजव. वाजवला. म्हटलं, जरा लांबून. तो म्हणाला, बाई, पाव घेता काय भोंगोच घेता? लोक कलेला साथ देत नाहीत.

१३ जुलै
कापून, जोडून तयार. टेस्ट घेतली. शेजारची सत्यवती पिशवी घेऊन बाहेर आली. संपूर्ण यश.

१६ जुलै
प्रिया आषाढाची माहेरी आली आहे. ती आंघोळीला गेल्यावर तिच्या फोनमध्ये रिंगटोन घातली. लॉकचा पॅटर्न इंग्रजी पी. आईला काय कळत नाही!
दुपारी समोरूनच कॉल लावला. आधी चमकली, मग हसत सुटली. आई गे, तुझं आपलं कायतरीच, म्हणाली. डोळे पुसत होती. आनंदाने भरून आले असणार.
हे म्हणाले, फोन तिचो, कान तिचे.

२५ जुलै
परत गेली. चार दिवस झाले. उचलला नाही. डिचोलीत ट्रकांचा आवाज फार.

१ ऑगस्ट
'बिझी आहे, नंतर करते.' नंतर म्हणजे निवांत बोलायचं असणार. फोन हातात धरून भात केला. भात लागला.

८ ऑगस्ट
तिच्या सासूबाईंचा, सुमनताईंचा, फोन. चतुर्थीला माहेरच्या फळा-फराळाचं ओझं कधी आणताय, विचारलं. शेवटी म्हणाल्या, आमच्याकडे पोदेर हल्ली अवेळी येतो, फाटकात गेलं तर कोणी नसतं. गाव बदललं, म्हटलं.
म्हणजे आवाज पोचतो. प्रिया तेवढी घराबाहेर असते.

१५ ऑगस्ट
ती तिथे सुखी आहे ना, एवढंच तिच्या तोंडून ऐकायचंय. मेसेजमध्ये सुख दिसत नाही. हसरा चेहरा पाठवला होता. तो तर गॅस एजन्सीही पाठवते.
निश्चय: ओझं घेऊन जाईपर्यंत फोन करायचा नाही.

१५ ऑगस्ट, संध्याकाळी
केला. फक्त निश्चय कळवायला. उचलला नाही.

२३ ऑगस्ट
लेकीची सासरची पहिली चतुर्थी. नारळ, केळ्यांचे घड, नेवऱ्या, लाडू, सगळं ओझं व्हॅनमध्ये घालून डिचोलीला गेलो. फाटकाशी व्हॅन थांबली. नारळ उतरवायला कोणीतरी यावं म्हणून प्रियाला कॉल लावला.
आत भोंगा वाजला. खणखणीत. मला अभिमान वाटला.
सुमनताईंचा आवाज आला, प्रिया, पोदेर आयलो गो, पिशवी घे.
मग प्रियाचा. बसा आई, पोदेर न्हय तो. पेडण्याची आई. वाजून वाजून आपोआप थांबता.
दोघी हसल्या. मोकळं, घरातलं हसू. ती सुखी आहे, तेही कळलं.
हे नारळांकडे बघत राहिले. मी कॉल बंद केला नाही. खरंच, आपोआप थांबला.
आम्हाला बघून प्रिया धावत आली. साबणाचे हात तसेच. गळ्यात पडली. म्हणाली, येताना फोन तरी करायचा गे.
चार्ज नव्हता, म्हटलं.

२४ ऑगस्ट, सकाळी
पोदेर आला. फाटकाशी भोंगा वाजवत राहिला. हे म्हणाले, पाव नको काय गो? मी उठले नाही.
थोड्या वेळाने थांबला.